आमच्या भिंतीवरील कुत्री

आमच्या बैठकीच्या खोलींत, उन्हाची तिरीपहि जेथें पोंचत नाहीं अशा आंतल्या भिंतीवर, एक चौकटींतलें चित्र परवांपरवांपर्यंत टांगलेलें होतें. चित्र म्हणजे कांहीं मोठें नव्हे. तपकिरी रंगाची, लांब कानांची एक कुत्री मान किंचित् वळवून कोणाकडे तरी पाहात आहे, एवढाच त्यांतला मजकूर. तिच्यामागें झाड नाहीं, घर नाहीं, आकाशहि नाहीं. नुसता फिकट बदामी कागद. घरीं येणाऱ्या मंडळींची दृष्टि चहाचा पेला हातांत येईपर्यंत ह्या चित्राकडे जाई आणि त्यांतले निम्मे तरी विचारीत, “नातवानें काढलें वाटतें?” आमच्या नातवास चित्रकलेचें अंग मुळींच नाहीं, परंतु तें सांगून त्याची अब्रू घालविण्यापेक्षां आम्ही “हो” म्हणून मोकळे होत असूं. जे अधिक जाणते असत ते जवळ जाऊन म्हणत, “हें डिस्नेचें! छापील मिळतें. आमच्या मुलीच्या उशीच्या अभ्र्यावर हेंच आहे.” एक व्यवहारी गृहस्थ तर चष्मा पुसून, चौकटीची चारहि बाजूंनीं तपासणी करून, “ह्याला पडले किती?” असें विचारते झाले. त्यांस आम्हीं खरी किंमत सांगितली नाहीं. ती आम्हीं आजवर दोघींनाच सांगितली आहे: एक आमच्या सौभाग्यवती आणि दुसरी आमची मावशी.

चित्र छापील नाहीं, हें मात्र आरंभींच सांगून टाकूं. तें कागदावरहि नाहीं. तो एक ‘सेल’ आहे. सेल म्हटलें कीं आपल्या लोकांस एक तर घड्याळांतला आठवतो किंवा कापडाच्या दुकानावर लागलेली लाल पाटी आठवते. पण आमचा सेल म्हणजे सेल्युलॉइडचा पारदर्शक ताव. ज्याला आपण बोलतांना कार्टून म्हणतों त्या हलत्या चित्रांचा सारा संसार अर्धशतकाहून अधिक काळ ह्या तावांवर उभा होता. त्यापूर्वीं काय होत असे हें पाहावयाचें असल्यास विन्सर मॅके नांवाच्या अमेरिकन चित्रकाराचें उदाहरण घ्यावें. त्यानें १९१४ सालीं ‘गर्टी’ नांवाच्या एका अजस्र प्राण्याचा चित्रपट केला, तेव्हां प्राणी तर पुन्हा पुन्हा काढावा लागलाच, पण त्याच्या मागचा डोंगर आणि तळेंसुद्धां प्रत्येक कागदावर नव्यानें गिरवावें लागलें. आणि ती वेठ एका तरुण मदतनिसाच्या वांट्यास आली. डोंगर जागचा हलत नाहीं म्हणून त्याला डोंगर म्हणावयाचें, आणि तोच हजारों वेळां काढावयाचा! त्याच वर्षाच्या अखेरीस अर्ल हर्ड ह्यानें युक्ति काढली कीं पार्श्वभूमि एकदांच कागदावर रंगवावी आणि हलणारें तेवढें पारदर्शक तावावर काढून तिच्यावर ठेवावें. युक्ति इतकी साधी कीं ती आधीं कोणास सुचली नाहीं ह्याचेंच नवल वाटतें.

पडद्यावर एका सेकंदांत चोवीस चित्रें सरकतात. काटकसर म्हणून एकच चित्र दोनदां टिपण्याची वहिवाट आहे, तरी सात मिनिटांच्या गमतीसाठीं कॅमेऱ्यापुढें पांच हजार चाळीस वेळां ताव बदलण्याचा प्रसंग येतो. १९३७ च्या डिसेंबरांत प्रथम दाखविला गेलेला ‘स्नो व्हाइट’ हा चित्रपट त्र्यायशीं मिनिटांचा आहे. त्याचा हिशेब वाचकांनीं स्वतः करावा. आम्हीं केला, आणि एकोणसाठ हजारांवर आंकडा गेला तेव्हां पेन्सिल खालीं ठेविली. शिवाय एका वेळीं एकच ताव असतो असेंहि नव्हे; एकावर एक असे तीन-चार असूं शकतात. तावागणिक रंग किंचित् काळवंडतो, म्हणून खालच्या तावावरचा लाल आणि वरच्या तावावरचा लाल पडद्यावर एक दिसावेत यासाठीं ते मुळांत वेगळे कालवावे लागतात. ही गोष्ट आम्हांस प्रथम कळली त्या दिवशीं, लहानपणीं दोन आण्यांत पाहिलेल्या सगळ्या मांजर-उंदरांचीं मनांतल्या मनांत क्षमा मागावीशी वाटली.

चित्रकार पेन्सिलीनें कागदावर काढतो. त्याचें नांव पडद्यावर येतें. मग तो कागद ‘शाई-रंग’ खात्यांत जातो, आणि तेथील चित्रलेखिका (ह्या खात्यांत बहुतेक सगळ्या बायकाच असत) त्याच्यावर ताव ठेवून बारीक टाकानें रेघ उतरवितात. तावाला बोटांचा घाम लागूं नये म्हणून हातांत सुती मोजा असतो आणि टाक धरतां यावा म्हणून त्या मोज्याचीं दोन-तीन बोटें कापून टाकलेलीं असतात. रेघ सुकली कीं ताव उलटा करून पाठीमागून रंग भरावयाचा. त्यामुळें सेलची मागची बाजू भरतकामाच्या उलट्या बाजूसारखी दिसते: रंगांचीं थारोळीं, ओघळ, एकावर एक चढलेल्या कडा. पुढून मात्र सगळें गुळगुळीत. ज्या बायकांनीं हें केलें त्यांचीं नांवें पडद्यावर क्वचित्‌च आलीं.

आणि एवढें करून कॅमेऱ्याचें काम संपलें कीं त्या तावांचें काय होई? तर ते धुवून पुन्हा वापरीत. सेल्युलॉइड महाग, आणि चित्र तर फिल्मवर उतरलेलें. मग मूळ जपून ठेवण्याचें कारणच काय? पंगत उठल्यावर पत्रावळी कोणी जपून ठेवीत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार. ह्या तावांना भिंतीवर लावण्याची किंमत आहे हें प्रथम ओळखलें तें सॅन फ्रॅन्सिस्कोच्या गुथ्री कूर्व्हाझिए ह्या चित्रविक्रेत्यानें. १९३८ सालीं त्यानें डिस्नेशीं करार केला आणि ‘स्नो व्हाइट’चे निवडक ताव शोभिवंत पार्श्वभूमीवर बसवून तो विकूं लागला. पुढच्याच वर्षीं त्यांतलीं दोन गिधाडें न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयांत जाऊन बसलीं. म्हातारी चेटकीण कड्यावरून पडते तेव्हां वरून घिरट्या घालीत उतरणारीं हीं गिधाडें! राजकन्या सोडून संग्रहालयानें गिधाडें घ्यावींत ह्यांत आम्हांस त्या अधिकाऱ्यांची रसिकता दिसते. सौभाग्यवतींच्या मतें काटकसर दिसते.

पुढें १९५५ च्या जुलैंत डिस्नेलँड उघडलें, आणि तेथल्या एका कलावस्तूंच्या दुकानांत हेच ताव चार-दोन डॉलरांना मिळूं लागले. मागें एक सोनेरी चिठी चिकटविलेली असे. यात्रेला गेलेल्या माणसानें प्रसाद आणावा तसे लोक ते घेऊन जात आणि घरीं जाऊन माळ्यावर टाकीत. आमची कुत्री अशाच एका माळ्यावरून आलेली. तिचें नांव लेडी. १९५५ सालच्या ‘लेडी अँड द ट्रँप’ ह्या चित्रपटांतली ती नायिका.

आम्हांस हें व्यसन लागलें तें लॉस एंजेलिस येथें. १९८५ सालीं नोकरीनिमित्त आम्ही तेथें सहकुटुंब राहावयास गेलों. रविवारीं सकाळीं उघड्या मैदानांत जुनापुराणा माल विकावयास बसणाऱ्यांचे बाजार तेथें भरतात. आपल्या जुन्या बाजाराचीच ती मोठी बहीण. अशा एका बाजारांत एका म्हाताऱ्याच्या खोक्यांत आम्हांस पेन्सिलीनें काढलेलीं कांहीं चित्रें दिसलीं. कागदाच्या खालच्या कडेला तीन भोंकें (मधलें गोल, बाजूचीं दोन लांबट), कोपऱ्यांत ४७ हा आंकडा, बाजूस शिडीसारख्या आंखलेल्या कांहीं रेघा, आणि मध्यें एका मांजराचा फक्त मागचा अर्धा भाग. पुढचा अर्धा भाग दुसऱ्या कागदावर असावा. निळ्या पेन्सिलीनें आधीं चांचपडलेली आणि काळ्या पेन्सिलीनें मग पकडलेली ती शेपटी पाहून आम्हीं बारा डॉलर काढून दिले. घरीं आल्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, अर्ध्या मांजराला बारा डॉलर? शेजाऱ्यांचें अख्खें मांजर रोज फुकट येऊन बसतें कीं!” ह्या युक्तिवादास आम्हांपाशीं उत्तर नव्हतें, आणि अजूनहि नाहीं.

तथापि अर्धें मांजर एकटें राहात नाहीं. दोन वर्षांत आमच्या कपाटांत चाळीसएक कागद जमले. आम्ही शिकत गेलों. भोंकें म्हणजे कागद एका जागीं बसविण्याच्या खुंट्यांसाठीं. शिडीसारख्या रेघा म्हणजे मुख्य चित्रकारानें मधलीं चित्रें भरणाऱ्या मदतनिसास दिलेली सूचना. ज्या सेलखालीं त्याच दृश्याची मूळ पार्श्वभूमि आहे तो सर्वांत मोलाचा, कारण एका पार्श्वभूमीवर शेंकडों ताव येऊन जातात. १९६१ च्या ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशिअन्स’ पासून डिस्नेच्या मोठ्या चित्रपटांत पेन्सिलीची रेघ यंत्रानेंच तावावर उतरूं लागली. तेव्हां हातानें ओढलेली शाईची रेघ पाहिजे असेल तर त्यापूर्वींचा ताव पाहावा. आणि संग्राहकांसाठीं म्हणून मुद्दाम छापलेले, कॅमेऱ्याचें तोंडहि न पाहिलेले जे ताव पुढें निघाले, ते आमच्या मतें लग्नांत भाड्यानें आणलेल्या वऱ्हाड्यांसारखे. गर्दी दिसते, नातें नसतें. ज्यांच्या घरीं असे ताव असतील त्यांनीं रागावूं नये.

आम्हांस सर्वांत प्रिय असे ते संकल्पचित्रांचे तुकडे. मेरी ब्लेअरनें ‘सिंड्रेला’ आणि ‘अ‍ॅलिस’साठीं केलेलीं रंगचित्रें, किंवा टायरस वाँग ह्या चीनमध्यें जन्मलेल्या चित्रकारानें ‘बँबी’साठीं धुक्यांतून उमटविलेलें अरण्य. हीं चित्रें आम्हीं कांचेपलीकडून पुष्कळ पाहिलीं. घेण्याची ऐपत कधींच नव्हती. ऐपत नसलेल्या गोष्टींवरचें प्रेम निर्भेळ राहातें. आम्हीं जेथें ऐपतीच्या काठावर उडी मारली तेथेंच फसलों.

तें वर्ष १९८९. त्या वर्षीं ह्या चित्रांना अमेरिकेंत वेड्यासारखी किंमत आली. १९३४ सालच्या एका काळ्या-पांढऱ्या चित्रपटांतल्या एका दृश्यास न्यूयॉर्कच्या लिलावांत अडीच लाख डॉलरांहून अधिक भाव मिळाला. काल ज्या वस्तूचे चाळीस डॉलर होते तिचे आज चारशें. जो तो म्हणे, आतां न घेतलें तर पुन्हा कधीं मिळणार नाहीं. ही वाणी आम्हीं पूर्वीं सोन्याच्या, जमिनींच्या आणि एकदां तर कांद्यांच्या बाबतींतहि ऐकली होती. पण माणूस आपल्या आवडीच्या वस्तूबद्दल ऐकतो तेव्हां तीच वाणी त्यास नवी वाटते. एका विक्रेत्याच्या दुकानांत लेडी दिसली. मागें सोनेरी चिठी, सोबत अस्सलपणाचा दाखला. हा चित्रपट आम्हीं लहानपणीं मुंबईस मावशीच्या शेजारीं बसून पाहिला होता. आम्ही दुकानांतून बाहेर पडलों, रस्त्याला एक फेरी मारली, आणि परत आंत गेलों.

त्या हिंवाळ्यांत आम्ही सर्वांनीं देशीं यावयाचें ठरलें होतें. तिकिटांचे पैसे बाजूस काढून ठेविले होते. तेच पैसे लेडीस गेले. पुण्यास आईला पत्र लिहिलें कीं यंदा कचेरींत सुटी मिळत नाहीं, पुढच्या वर्षीं नक्की येऊं. आईचें उत्तर आलें, “कामाचें आधीं पाहा. मी कोठें जातें आहें?” ती फेब्रुवारींत गेली. आम्ही एकटेच धांवत आलों, तेव्हां तिला जाऊन दोन दिवस झाले होते.

ह्यानंतर बरेच दिवस लेडी कपाटांतच होती.

आतां मावशीबद्दल. आईची ही धाकटी बहीण लग्नापूर्वीं आमच्याकडे गिरगांवांत राहात असे आणि दादरच्या बाजूस चित्रपटगृहांसाठीं जाहिरातपट करणाऱ्या एका लहानशा चित्रशाळेंत नोकरीस जात असे. मुंबईस ह्या धंद्याची खरी शाळा १९५६ सालीं सुरूं झाली, तेव्हां डिस्नेच्या कारखान्यांत काम केलेले क्लेअर वीक्स फिल्म्स डिव्हिजनमध्यें येऊन आपल्या तरुणांना शिकवूं लागले. जातककथेवरचा ‘बन्यन डियर’ हा तेथलाच, १९५७ सालचा. तसें पाहिलें तर आपल्या दादासाहेब फाळक्यांनीं १९१५ सालींच आगकाड्या नाचवून दाखविल्या होत्या. पण तो एका माणसाचा चमत्कार होता, धंदा नव्हता. मावशीच्या चित्रशाळेचा मुख्य चित्रकार ह्या नव्या शाळेंतल्या कोणाकडून तरी शिकून आलेला होता. मावशीचें काम एकच: तावावर शाईची रेघ. केसांच्या तेलाच्या जाहिरातींतली बाई, साबणाच्या जाहिरातींतला ओला पोरगा, एका औषधाच्या जाहिरातींतला पोट धरून बसलेला शेठजी. महिन्याच्या शेवटीं ती वापरून झालेल्या तावांचा एक गठ्ठा घरीं आणी, कारण आम्हां मुलांचा त्यावर डोळा असे.

त्या गठ्ठ्याचें आम्हीं काय करीत होतों? मोरींत नेऊन धूत होतों. पाठीमागचा रंग पाण्यानें सुटे. शेठजीचें धोतर, कोट, पागोटें एका तांब्यांत वाहून जाई. शाईची रेघ मात्र चिवट. ती आम्हीं कपडे धुण्याच्या सोड्यानें आणि काथ्यानें घासघासून काढीत असूं. मग ते स्वच्छ ताव कापून क्रमिक पुस्तकांना घालावयाचे. चाळींतल्या इतर मुलांच्या पुस्तकांना वर्तमानपत्राचीं वेष्टनें, आणि आमचीं पुस्तकें कांचेसारखीं चकाकणारीं! मावशी मोरीच्या दाराशीं उभी राहून हंसत पाही आणि म्हणे, “अरे, ती कोपऱ्यांतली रेघ राहिली बघ.” १९६४ ते १९६६, तिचें लग्न होईपर्यंत, किती ताव आम्हीं असे धुतले असतील तें सांगवत नाहीं. आज त्यांतला एकहि नाहीं.

१९९४ च्या मे महिन्यांत आम्ही मुलांसह पुण्यास आलों तेव्हां लेडीस बरोबर आणली. मावशी त्या वेळीं सदाशिव पेठेंत मुलाकडे असे. तिला चित्र दाखविलें. तिनें आधीं विचारलें, “केवढ्याला?” आम्हीं क्षणभर थांबून खरें सांगितलें, आणि कोणत्या पैशांतून हेंहि सांगितलें. ती कांहीं बोलली नाहीं. चष्मा काढून पदरानें पुसला. मग म्हणाली, “चौकट काढ.”

चौकट काढली. तिनें ताव हातांत घेतला तो कडांनीं, दोन तळव्यांमध्यें, जसा तीस वर्षांपूर्वीं घेत असेल तसा. आणि खिडकीजवळ नेऊन आधीं उलटा पाहिला, मग सुलटा. डिस्नेच्या रेघा सगळ्या काळ्या नसतात. तपकिरी अंगाला गडद तपकिरी रेघ, नाकाला काळी. मावशी त्या रेघेवरून नजर फिरवीत गेली, टाक धरल्यासारखा तिचा अंगठा हालत होता. मानेपासून पाठीपर्यंत गेली आणि म्हणाली, “काय हात आहे बाईचा! एका दमांत ओढली आहे. इथें श्वास सोडला असेल.” मग डाव्या कानाशीं ती थांबली. पुष्कळ वेळ थांबली.

“हा कान तिचा नाहीं.”

“म्हणजे?” आम्हीं विचारलें.

“ही रेघ दुसऱ्या कोणाची. पुढें बघत बघत ओढली आहे. जाडी बघ, सगळीकडे सारखी. भीत भीत ओढलेली रेघ अशी असते. आणि मागचा रंग बघ, कानापुरता किती नीट बसवला आहे. कामाच्या घाईंत एवढा नीट कोण बसवतो?”

आम्ही भिंगानें पाहूं लागलों. एकदां सांगितल्यावर तें लहान पोरालाहि दिसलें असतें. कानाच्या मुळाशीं दोन रेघा एकमेकींस भेटल्या होत्या, पण मिसळल्या नव्हत्या. कान केव्हां तरी उडून गेला होता आणि तो कोणीं तरी नव्यानें काढून भरला होता. दाखल्यांत ह्याचा उल्लेख नव्हता.

परत गेल्यावर आम्हीं विक्रेत्यास पत्र लिहिलें. त्याचें उत्तर फार सभ्य होतें. जुन्या तावांची अशी दुरुस्ती सर्रास होते, उल्लेख राहून गेला ही नजरचूक, आणि आपली इच्छा असल्यास चित्र आजच्या बाजारभावानें परत घेऊं. आजचा बाजारभाव म्हणजे निम्म्याहून कमी. कारण एव्हांना तो वेडाचा बाजार बसला होता. सौभाग्यवतींनीं पत्र वाचून एवढेंच विचारलें, “कान सोडून बाकीची खरी आहे ना?” आम्हीं पत्र फाडलें.

एका गोष्टीचा आम्हांस उलगडा झाला नाहीं, आणि ती मावशीला विचारावयाची राहून गेली. आपल्या रेघा आम्ही मोरींत घासून काढतांना ती हंसत कशी उभी राहिली? तिला वाईट वाटत नव्हतें, कीं वाटून काय उपयोग असें वाटत होतें? पुढें एकदां आम्हीं हा विषय काढला तर ती म्हणाली, “अरे, पगार रेघेचा मिळत होता. तावाचा नव्हे.” हें उत्तर आहे कीं टाळाटाळ, हें आम्ही अजून ठरवूं शकलों नाहीं. २००९ सालीं ती गेली. तिच्या मुलानें आमच्या सांगण्यावरून तिची ट्रंक उपसून पाहिली. लग्नाचा शालू, दोन पोथ्या, शिवणाचे बेतलेले कागद. ताव नव्हता.

अशा वस्तु कोठें दडून बसतात ह्याला नियम नाहीं. १९६० सालीं डिस्नेनें जपानांत एक प्रदर्शन पाठविलें होतें. त्यांतलीं दोनशेंच्यावर मूळ चित्रें पुढें चिबा येथल्या विद्यापीठाच्या एका अडगळीच्या खोलींत कित्येक दशकें पडून राहिलीं आणि २००८ सालीं सन्मानानें अमेरिकेस परत गेलीं. हें वाचल्यापासून गिरगांवांतल्या एखाद्या माळ्यावर आमचें इयत्ता पांचवीचें भूगोलाचें पुस्तक असेल, आणि त्याच्या वेष्टनावर नीट न घासली गेलेली एक रेघ असेल, असें अधूनमधून मनांत येतें. चाळ पाडली त्याला बरींच वर्षें झालीं.

इकडे कायमचें राहावयास आल्यावर लेडी भिंतीवर लागली. पुण्याच्या हवेबद्दल आम्हांस धास्ती होती. ह्या रंगांत गोंद असतो. हवा फार कोरडी झाली कीं तो आकसून तडकतो आणि तावापासून सुटतो. लॉस एंजेलिसच्या गेटी संस्थेंतील तज्ज्ञांनीं डिस्नेच्या संग्रहशाळेबरोबर ह्याचा अभ्यास केला आहे, आणि दमटपणा बेतानें वाढविला तर सुटलेला रंग पुन्हा तावाला धरतो असें त्यांस आढळलें. हें वाचून आपला पावसाळा आमच्या कुत्रीस मानवेल अशी आम्हीं समजूत करून घेतली. परंतु रंगाला जें मानवतें तें तावाला मानवत नाहीं. जुने ताव ज्या अ‍ॅसिटेटचे असतात तें उबेनें आणि दमटपणानें आंतून कुजूं लागतें, आणि एकदां सुरूं झालेलें हें कुजणें मंद करतां येतें, थांबवितां येत नाहीं. त्याची पहिली खूण डोळ्यांना दिसत नाहीं, नाकाला कळते.

गेल्या श्रावणांत एका सकाळीं सौभाग्यवती बैठकीच्या खोलींत येऊन थबकल्या. “अहो, व्हिनेगर कुठें सांडलें का?” स्वयंपाकघरांत पाहिलें, बाटली बंद होती. त्या वास घेत घेत भिंतीपाशीं गेल्या आणि चौकटीजवळ उभ्या राहिल्या. आम्हीं चौकट उतरविली. ताव कडेनें किंचित् वळला होता. खऱ्या रेघेची मान जागच्या जागीं होती. उसना कानहि जागच्या जागीं होता.

आतां लेडी एका पुठ्ठ्याच्या पेटींत आहे. पेटी आम्लरहित कागदाची, झांकण सैल, कारण वास कोंडला तर कुजणें वाढतें. ती खोलींतल्या सर्वांत थंड कपाटांत आडवी ठेविलेली आहे. एका जाणत्या दुरुस्तीकारानें कळविलें आहे कीं ताव अगदींच गेला तर रेघ नव्या तावावर उतरवून घेतां येईल. आम्हीं त्यास अद्याप उत्तर दिलें नाहीं. दर रविवारीं पेटी उघडून वास पाहण्याचें काम सौभाग्यवतींकडे आहे, कारण त्यांचें नाक आमच्यापेक्षां तिखट आहे. आणि पाहुणे आतां भिंतीवरच्या फिक्या चौकोनाकडे पाहून येथें काय होतें म्हणून विचारतात.